मॅच नसलेले महिने

त्या वर्षी आमची अमेरिकन फुटबॉलची टीम इतकी हरली, की सीझनच्या शेवटी शेवटी समोरच्या टीमलाच अवघडल्यासारखं व्हायला लागलं. खोटं नाही सांगत. एका मॅचला तर मैदानावरची कबुतरंसुद्धा उठून पाहुण्यांच्या बाजूला जाऊन बसली होती. आम्ही तेव्हा श्रूजबरीत राहायचो, मॅसॅच्युसेट्समध्ये, जिथे डिसेंबरात सूर्य चार वाजताच दुकान बंद करून घरी जातो. त्या अंधारात दर रविवारी सोफ्यावर आडवं पडून हार बघायची, एवढाच माझा व्यायाम. तेवढ्यानेही दमायला व्हायचं.

सीझन संपला, टीमने कोचला काढलं, आणि त्याच आठवड्यात बाबा नागपूरहून निघून बॉस्टनला उतरले. म्हणजे बघण्यासारखं जे काही होतं ते सगळं संपल्यावर.

बाबा नागपूरच्या तारघरातून रिटायर झालेले. आई जाऊन वर्ष झालं होतं. एकटे राहायचे. एकदा मोरीत पाय घसरून पडले, ते सकाळी दूधवाल्याने दार वाजवेपर्यंत तिथेच. त्यानंतर मी ठरवलं की यांना इकडेच आणायचं आणि कायमचं ठेवायचं. फोनवर तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "बघू." व्हिसावर सहा महिने मिळाले. विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्यांनी मला बजावलं, "ऑक्टोबरच्या आधी मले परत पाहिजे." ऑक्टोबरात, दसऱ्याला, दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, आणि बाबा तरुणपणापासून तिथे येणाऱ्यांना पाणी द्यायला उभे राहतात. एकही वर्ष चुकलेलं नाही. मी म्हणालो, "बघू."

असे दोन 'बघू' एकाच घरात राहायला लागले.

माझी बायको इस्पितळाच्या लॅबमध्ये, मुलगी शाळेत, आणि मी एका कॉम्प्युटर कंपनीत, जी रोज थोडी थोडी मरत होती आणि मरताना आमच्याकडून जास्त काम करून घेत होती. जायला एक तास, यायला दीड. बर्फ पडला तर याच्या दुप्पट. आणि बर्फ पडायचाच. त्या जानेवारीत इतका बर्फ पडला की मी पुढचं दार उघडायला गेलो तर दार बाहेरच्या बाजूने कोणीतरी धरून ठेवलंय असं वाटलं. आमचा पोस्टमन टपाल टाकायचा ते धुराड्यातून. बरं, धुराड्यातून नसेल, पण टाकत होता कसाबसा. बाबा या सगळ्यात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात एकटे. खिडकीतून दिसायला पांढरं. पांढऱ्याच्या मागे पांढरं.

"इथे माणसं कुठे राहतात रे?" त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"सगळीकडे, बाबा. ही घरं दिसतात ना."

"घरं दिसतात. माणसं सांग."

मी काय सांगणार? श्रूजबरीत माणसं असतात ती गाडीत असतात, आणि गाडी गॅरेजमध्ये शिरली की गॅरेजचं दार खाली येतं.

तर बाबांना माणसं सापडली ती रेडिओवर. स्वयंपाकघरात बायकोचा एक छोटा रेडिओ होता. त्यावर एक स्टेशन दिवसभर फक्त खेळावर बोलायचं. एक होस्ट, आणि फोन करून भांडणारे लोक. त्या हिवाळ्यात त्यांना भांडायला एकच विषय होता, आमची टीम. नवा कोच कोण? क्वार्टरबॅक जुना ठेवायचा की नवा आणायचा? आणि एप्रिलमधला ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना सगळ्या टीम्स ओळीने निवडतात तो दिवस. त्या दिवशी आम्ही कोणाला उचलायचं? जे लोक सगळा सीझन ही टीम बघायला नको म्हणत होते तेच आता मॅच नसताना चोवीस तास तिच्यावर बोलत होते. मॅच संपली की खेळ खरा सुरू होतो, हे मला तेव्हा कळलं.

बाबांचं इंग्रजी तारघराचं. स्पष्ट, कमी शब्दांचं, काटकसरीचं. रेडिओ त्यांना आठवड्याभरात समजायला लागला. एक दिवस संध्याकाळी मी बूट काढतोय तोच विचारलं, "क्वार्टरबॅक म्हणजे काय?"

मी थकून आलो होतो, पण बाबा स्वतःहून काही विचारतायत म्हटल्यावर माझ्यातला वक्ता जागा झाला. मला वाटलं, हीच संधी आहे. यांना इथे अडकवायचं असेल तर गळाला काहीतरी लावायला हवं.

"बाबा, क्वार्टरबॅक म्हणजे तुमचा तारमास्तर," मी म्हणालो. "बाजूने कोचचा निरोप येतो, तो हा घेतो आणि बॉलबरोबर पुढे पाठवतो. चुकीच्या माणसाकडे गेला की संपलं. आणि हे सगळं करताना समोरून पाच-सहा हत्ती त्याला तुडवायला धावत येतात."

"तारघरात हत्ती नव्हते."

"साहेब होते ना?"

बाबा पहिल्यांदा हसले. मग मी थांबलोच नाही. सांगितलं की आपल्या जुन्या क्वार्टरबॅकचा हात असा होता, असा होता, की श्रूजबरीत बॉल फेकला तर तो टर्नपाइकवरून टोल भरत बॉस्टनला जाऊन पडायचा. मैदानात इतकी माणसं ओरडतात की वर उडणारी विमानं रस्ता बदलतात. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलेलं आपल्याला दुसऱ्या दिवशी ऐकू येतं. "सप्टेंबरमध्ये मॅचेस सुरू होतात," मी म्हणालो. "एकदा बघाच तुम्ही."

"मी जुलैत जाणार."

"एक्स्टेन्शन मिळतं, बाबा. बघू."

बायको भांडी लावत होती. रात्री मला म्हणाली, "त्यांना टीममध्ये कशाला गुंतवताय? माणसांत गुंतवा."

"माणसं आण कुठून तरी. मी सोडतो त्यांना तिथे."

तिने दिवा मालवला. तीही थकली होती. आमच्या घरात त्या वर्षी सगळे इतके थकलेले असायचे की भांडणंसुद्धा अर्ध्यावर सोडून द्यायचो, उरलेलं रविवारी करू म्हणून.

फेब्रुवारीत नवा कोच आला. कडक. प्रेस कॉन्फरन्समध्ये तो हसला नाही, आणि सगळ्या शहराला वाटलं की आता काहीतरी होणार. बाबांनी ते टीव्हीवर बघितलं आणि म्हणाले, "नवा साहेब आला की आधी टेबलं हलवतो." झालंही तसंच. आल्या आल्या त्याने जुन्या क्वार्टरबॅकचं टेबल हलवलं. म्हणे गुडघे गेले, वय झालं.

"किती वय?" बाबांनी विचारलं.

"छत्तीस."

"छत्तीस म्हणजे म्हातारा?" बाबा स्वतःचे गुडघे चोळत होते. "मग मी काय आहे? उत्खननात निघालो?"

दुसऱ्या दिवशी मी घरी येत होतो. हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी. रेडिओ लावलेला. होस्ट म्हणाला, श्रूजबरीहून एक कॉलर आहे, बोला. आणि माझ्या गाडीत माझे बाबा बोलायला लागले.

"गुड इव्हिनिंग, सर. ओल्ड क्वार्टरबॅक शुड नॉट बी रिमूव्ह्ड. नीज बॅड, हेड गुड. स्टॉप."

होस्ट गोंधळला. "स्टॉप व्हॉट, सर?"

"नथिंग. सेंटेन्स इज ओव्हर."

माझी गाडी तीन लेन ओलांडून आपोआप कडेला जाऊन उभी राहिली. मला काहीच करावं लागलं नाही. होस्ट इतका हसत होता की पुढचा कॉलर बिचारा 'हॅलो हॅलो' करत राहिला. मी घरी पोचलो तेव्हा बाबा वरण-भात खात होते, जणू काही नागपुरात एखादी तार करून आलेत. "फोन लागला सहज," एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यापासून बाबा रोज फोन करायला लागले. तारेतल्या त्या पूर्णविरामावरून रेडिओवाल्यांनी त्यांना नावच देऊन टाकलं, 'मिस्टर स्टॉप'. एका मोठ्या माणसाने गाडीतून खास हॉर्न वाजवून मला 'मिस्टर स्टॉपचा मुलगा' म्हणून सलाम केला, असं मी ऑफिसात सांगायचो. त्यात अर्धं खोटं होतं, हॉर्न खरा होता, पण तो त्याने मी रस्ता अडवला म्हणून वाजवला होता. पण बाबा खूश होते हे खरं. आवाज चढला होता. दुपारी झोपत नव्हते. मुलगी शाळेतून आली की तिच्याशी टीमवर इंग्रजीत वाद घालायचे. ती म्हणायची, "आजोबा, यू आर सो राँग," आणि बाबांना ते 'नमस्कार' म्हटल्यासारखं गोड वाटायचं.

आणि खरं सांगायचं तर ते चुकीचेच असायचे. त्यांचं म्हणणं होतं की टीमने ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक घेऊच नये. आधी क्वार्टरबॅकला आडोसा देणारे, पुढच्या रांगेतले दोन भीमकाय पोरगे घ्यावेत. "आधी भिंत बांधा. मग घरात कोण राहील ते बघा." होस्ट ओरडायचा, सर, भिंतीला टचडाऊन करता येत नाही! बाबा म्हणायचे, "वॉल फर्स्ट. स्टॉप." मी बाबांच्या बाजूने होतो असं दाखवायचो. मला फक्त जुलै टाळायचा होता.

ड्राफ्ट एप्रिलमधल्या शनिवारी आला, चौदा एप्रिल उलटून दोन-तीन दिवस झाले होते. रविवारी आमच्या बारा-पंधरा घरांची जयंती होती, शेजारच्या गावात एका शाळेच्या कॅफेटेरियात, आणि तिथे बाबा अध्यक्ष, सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून. पण शनिवारी त्यांना टीव्हीसमोरून हलवायला क्रेन लागली असती. दुपारी आमचा शेजारी आला. पुण्याचा, कोथरूडचा, माझ्यासारखाच कॉम्प्युटरवाला. माणूस सोन्यासारखा. बर्फात माझी गाडी रुतली की फावडं घेऊन स्वतः हजर. फक्त एकच खोड. त्याच्या भाच्याला मेडिकलची सीट मिळाली नव्हती, आणि तेव्हापासून तो ते दुःख प्रत्येक पार्टीत सांगायचा. 'मेरिटला विचारतो कोण आपल्याकडे?' हे वाक्य तो समोसा उचलण्यापूर्वी म्हणायचा आणि समोसा खाल्ल्यावर परत म्हणायचा. मी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. हा वाद मी भारतात इतक्या वेळा घातला होता की इथे परत घालायला माझ्याकडे ताकद नव्हती. मी चटणी पुढे करायचो.

टीव्हीवर ड्राफ्ट सुरू झाला. शेजारी सोफ्याच्या कडेवर पुढे सरकून बसला, बायकोने केलेल्या कांदाभज्यांची बशी मांडीवर.

"काका, तुम्हाला सिस्टीम माहितीये ना? म्हणजे ड्राफ्टची."

"सांग," बाबा म्हणाले. त्यांना पूर्ण माहीत होती. तीन महिने त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

"जी टीम सगळ्यात शेवटी आली तिला पहिला चान्स. पहिलं पोरगं तिने निवडायचं. मग तिच्या वरची. चॅम्पियन सगळ्यात शेवटी. म्हणून तर ही लीग चालते, काका! नाहीतर दोन श्रीमंत टीम्सच जिंकत राहिल्या असत्या वर्षानुवर्षं. ह्याला म्हणतात लेव्हल प्लेइंग फील्ड. अमेरिकेकडून शिकण्यासारखं आहे हे."

"वा," बाबा म्हणाले. "म्हणजे जो खाली राहिला, त्याला आधी."

"एक्झॅक्टली!"

"आणि वरचे काही म्हणत नाहीत? आमच्या मेरिटचं काय, असं?"

"छे! मेरिट कसलं काका, ते तर आधीच..."

शेजाऱ्याची भजी तोंडापासून चार बोटांवर थांबली. मी शपथेवर सांगतो, ती तिथे इतका वेळ थांबली की तिच्यातलं तेल खाली ठिबकून कार्पेटवर पडलं, आणि तो डाग आम्ही घर विकेपर्यंत होता. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातून झारा पडला. तो मुद्दाम पाडला होता की काय, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

"ते वेगळं, काका," शेजारी शेवटी म्हणाला.

"वेगळंच असते," बाबा म्हणाले. "भजी खा. थंड होऊन राहिली."

आणि बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. कदाचित तेही थकले असतील. शेजाऱ्याने भजी खाल्ली. पुढे तो आमच्याकडे येत राहिला, फावडं घेऊनही येत राहिला. फक्त भाच्याचं दुःख तो आमच्या घराबाहेर सांगायला लागला.

मग आमच्या टीमचं नाव पुकारलं. शेवटून पहिले आम्हीच. त्यांनी क्वार्टरबॅक घेतला. एक काळा पोरगा, अशा छोट्या गावातल्या छोट्या कॉलेजातला की नकाशावर त्या गावाच्या जागी नुसती माशी बसलेली वाटावी. त्याची आई टोपी घालून मंचावर रडत होती. बाबा चिडले. "भिंत नाही घेतली. चूक. मोठी चूक."

पण सोमवारी संध्याकाळी मी घरी आलो तर बाबांनी बाजू बदलली होती, आणि माझ्याशी बोलायच्या आधी रेडिओकडे बोट दाखवलं. सगळे कॉलर एकच शब्द म्हणत होते, रॉ. मुलगा चांगला आहे, पण रॉ आहे. हात जबरदस्त, पण रॉ. त्याला सिस्टीम समजायला वेळ लागेल, इतकं सगळं डोक्यात बसवणं सोपं नाही.

"रॉ म्हणजे कच्चा ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"त्याने कॉलेजात फेकलेला बॉल न् बॉल मोजला ना यांनी? मग कच्चा कोणाला म्हणून राहिले?"

"बाबा, तुम्हीच म्हणत होतात भिंत घ्या म्हणून."

"भिंतीचं सोड. आता तो आपला आहे."

त्यानंतर मिस्टर स्टॉप फक्त त्या मुलासाठी फोन करायला लागले. मे, जून. बर्फ वितळला, खाली गवत होतं हे पाहून आम्हाला सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं. बाबा आता बाहेर फिरायला जायचे, रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि परत यायचे, कारण टोकाच्या पुढे फुटपाथ नव्हता. आणि जूनमध्ये, एक दिवस काही न विचारता ते म्हणाले, "ते एक्स्टेन्शनचं बघ. त्या पोराची पहिली मॅच बघून जातो."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी बायकोला म्हणालो, जमलं. सप्टेंबर बघितला की ऑक्टोबर निघून जाईल, ऑक्टोबर गेला की ग्रीन कार्ड. ती म्हणाली, "ते पोराची मॅच बघायला थांबलेत. तुमची नाही." मी तेव्हा ते ऐकलं नाही. टीम आपली इतकी हरत होती, कधीतरी एक तरी गोष्ट जिंकायला हवी होती मला.

ऑगस्टमध्ये सरावाच्या मॅचेस झाल्या. बाबांनी बघायला नकार दिला. "रंगीत तालीम कशाला? नाटक बघीन." मीही मग नाटकाची जाहिरात करत राहिलो. पोरगा एका दमात मैदान ओलांडतो. समोरचे हत्ती त्याला बघून माहूताकडे पळतात. बाबा ऐकायचे आणि मान हलवायचे. मी फेकतोय हे त्यांना कळत होतं. पण ते थांबवतही नव्हते.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी एक वाजता, बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सोफ्यावर बसले. चष्मा पुसला. बायकोने मुद्दाम पोहे केले. मुलगी खाली कार्पेटवर, त्या भज्याच्या डागापासून अंग चोरून.

मॅच सुरू झाली. आमचा क्वार्टरबॅक मैदानात आला. तो नव्हता तो. कोचने उन्हाळ्यात कुठूनतरी आणलेला दुसराच एक प्रौढ माणूस होता.

"तो कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

तेवढ्यात कॅमेऱ्याने दाखवलाच. बाजूच्या बाकावर. टोपी उलटी, कानाला हेडफोन, हातात पुठ्ठ्याची पाटी. युनिफॉर्म इतका पांढरा की धुवायचीही गरज नव्हती.

"तिथे काय करून राहिला तो?"

"बसलाय, बाबा."

"ते दिसते मले. काहून बसलाय?"

"शिकतोय. ह्या वर्षी बघून शिकेल. कोचचा प्लॅन आहे तसा."

"बघून कोणी बॉल फेकायला शिकते का बे?"

"त्याला शेवटच्या भागात आणतील," मी म्हणालो. "नेहमी तसंच करतात. सरप्राइज म्हणून." हे मी जागच्या जागी तयार केलं.

मुलगी म्हणाली, "नो दे डोन्ट, बाबा."

मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. मॅच चालली. खरं म्हणजे चाललीच नाही. मला नव्याने कळलं की या खेळात बहुतेक वेळ कोणी खेळतच नाही. धडकतात, पडतात, उठतात, उभे राहून चर्चा करतात, जाहिरात लागते. सहा महिने मी ज्या खेळाची महाकाव्यं रचली होती तो सोफ्यासमोर एखाद्या कंटाळलेल्या बैलासारखा उभा होता. आम्ही हरत होतो. प्रत्येक वेळी कॅमेरा बाकाकडे गेला की बाबा पुढे झुकायचे. पोरगा पाटीवर काहीतरी लिहायचा. शेवटचा भाग आला. सरप्राइज आलं नाही. मॅच संपली तेव्हा तो पहिला उठून चालू लागला, आणि आजूबाजूचे सगळे चिखलात माखलेले असताना त्याच्यावर गवताची एक काडी नव्हती.

मी टीव्ही बंद केला. मुलगी वर निघून गेली. पोहे गार झाले होते.

"मी लागलो ना तारघरात," बाबा म्हणाले, "तेव्हा मले एक खुर्ची दिली. भिंतीला लागून. साहेब म्हणाला, कच्चा आहेस, बघून शिक. यंत्राला हात नाही लावायचा."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. आईने सांगितलं नव्हतं, त्यांनीही नाही. घरी तर आम्हाला एवढंच माहीत होतं की बाबांचा हात यंत्रावर घोड्यासारखा पळायचा.

"किती दिवस?"

"खूप. पगार वेळेवर. चहा वेळेवर. बाकीचे म्हणायचे, मजा आहे लेका, बसून खातोस. मी रोज घरून डबा घेऊन जायचो, बसायचो, डबा खायचो, यायचो. तुझ्या आईला सांगायचो, आज फार काम होतं."

"मग?"

"मग एकदा दोघं आजारी पडले. हात लावावाच लागला. स्टॉप."

बाहेर कोणीतरी गवत कापायचं मशीन चालू केलं, त्याचा आवाज आला आणि लांब गेला.

"इथे मले सगळं वेळेवर भेटते," बाबा म्हणाले. "जेवण, गोळी, गरम पाणी. सून चांगली आहे. तू चांगला आहेस. पण तू मले आणून बसवून ठेवलं रे."

माझ्याकडे थापा कधी कमी पडल्या नाहीत. ऑफिसात, पार्टीत, इमिग्रेशनच्या खिडकीपुढे, कुठेही एक तरी निघायची. तेव्हा मी आत हात घातला आणि काही सापडेना.

"तिकडे एकटे पडाल, बाबा," मी म्हणालो. "परत पाय घसरला तर?"

"घसरला तर घसरला. खालच्या मजल्यावरच्या पोराकडे किल्ली ठेवीन. दोन वेळा डोकावून जाईल. ते मी ठरवलं आहे."

"आणि दीक्षाभूमीवर पाणी द्यायला हजार माणसं असतात हो आता. तरुण पोरं असतात."

"असतात. पण मी तिथे उभा असतो."

एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. बायको दारात उभी होती, तिने ओट्यावरचा चहा आणून त्यांच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली, म्हणजे पुरे आता. मला एकदम इतकं थकल्यासारखं वाटलं, जणू सगळा सीझन मीच खेळलो होतो आणि प्रत्येक हत्तीने मलाच तुडवलं होतं.

सोमवारी मी ऑफिसला दांडी मारली आणि एअरलाइनला फोन लावला. परतीचं तिकीट होतंच, तारीख टाकायची होती. दसऱ्याच्या आधीची. फोनवर बराच वेळ संगीत वाजत राहिलं. बाबा समोर टेबलाशी बसून औषधाच्या गोळ्या डब्यांत भरत होते, तिकडे न्यायच्या. मग एक बाई आली. तिने तारीख घेतली, नाव घेतलं, आणि विचारलं, विंडो की आइल?

मी फोनवर हात ठेवला. "बाबा, खिडकीची घेऊ? ढग दिसतील वरून. येताना तुम्ही झोपला होतात."

"कडेची घे," बाबा म्हणाले. "मनात आलं की उठता आलं पाहिजे."

मी हात काढला आणि त्या बाईला सांगितलं, आइल.